वस्तऱ्याचा पहिला धडा

म्हातारपणी बाबा माणसं विसरत गेले, पण वस्तऱ्यानेच दाढी करायचा हट्ट त्यांनी सोडला नाही. त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा मुलाने पहिल्यांदाच वस्तरा हाती घेतला. “नवीन दिसताय,” बाबा म्हणाले. जन्मभर अरे-तुरे केलेल्या लेकाला ते अहो-जाहो करत होते. “घाबरू नका. गाल ताणा, पातं तिरकं धरा, हात हलका ठेवा. नाक तेवढं शाबूत राहू द्या, खानदानी आहे!” मुलाने जीव मुठीत धरून दाढी केली. गालावरून हात फिरवत बाबा खुलले. “झकास! आता निघा. माझा मुलगा यायचाय.” वस्तरा पुसून तो बाहेर गेला. केस सारखे केले आणि बेल वाजवली. बाबांनी लगबगीने दार उघडलं. त्यांचा चेहरा पडला. “अहो, दाढी झाली की मघाशीच,” ते म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत राहिले.