बिनआवाजाचं मशीन

“पंखा मोठा घ्या ताई,” अश्वजित म्हणाला. “लहान पंखा जोरात फिरते, मंग बोंबलते. मोठा सावकाश फिरते.”

जयाने वहीत ‘मोठा पंखा’ लिहिलं. चंद्रपूरच्या त्या दुकानात ती महिन्याभरात तिसऱ्यांदा आली होती. अश्वजित गिऱ्हाइकांना कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. सगळे आधी वेगाचं विचारत. ही बाई पहिल्या दिवसापासून एकच विचारत होती, आवाज किती येईल.

“अन् हार्डडिस्क?”

“ते नोको. तिच्यात चकती फिरते, किरकिर लागते. एसएसडी लावू, तिच्यात हलणारं काहीच नाई.”

“पॉवर सप्लाय?”

“लागते त्याच्यापेक्षा मोठा घ्या. जोर पडला नाई का तापत नाई, तापला नाई का त्याचा पंखा गुमान राह्यते. पर तुम्ही घुग्घुसले राह्यता. तिथली कोळशाची धूळ पंख्यात बसली का सगळी मेहनत पाण्यात. जाळीवालं कॅबिनेट घ्या अन् दर रविवारी जाळी धुवा.”

जया लग्नाच्या फोटोंचं काम करायची. वडशापासून चंद्रपूरपर्यंतचे फोटोग्राफर तिला फोटो पाठवत. ती नवरदेवांच्या कपाळावरचा घाम पुसे, अंधारात रुसून बसलेल्या मावश्यांना उजेडात आणे, अल्बम लावून देई. तिचा जुना स्क्रीन मात्र रंगांच्या बाबतीत पक्का लबाड होता. मागच्या वर्षी एक हिरवा शालू मोरपंखी होऊन छापला गेला, आणि नवरीच्या आईने फोनवरून जयाचा यथेच्छ उद्धार केला. या खेपेला चांगला स्क्रीन घ्यायचाच, असं तिने वर्षभर घोकलं होतं.

आता तिने वहीतल्या स्क्रीनवर काट मारली. स्क्रीन आणि शांतता, दोन्ही एकदम खिशाला झेपण्यातलं नव्हतं.

“मंग रंगाचं कसं कराल?” अश्वजितने विचारलं.

“अंदाजानं करीन भाऊ. माणूस झोपला पाह्यजे.”

माणूस म्हणजे तिचा नवरा, सुरेंद्र. तो खाणीवर ठेकेदाराचा डंपर चालवायचा. पावसाळ्यापासून त्याला डबल ड्यूटी लागली होती. दुपारी चारला गेलेला माणूस सकाळी आठला परत यायचा. मधे मिळेल तेवढीच झोप, आणि त्या वेळात प्लायच्या आडभिंतीपलीकडे जयाचं मशीन गिरणीसारखं घरघरत असायचं. दसऱ्याच्या सुमारास त्याच खाणीवर एका डंपरवाल्याला स्टिअरिंगवर डुलकी लागली. त्याला पांढऱ्या कापडात घरी आणलेलं जयाने पाहिलं होतं. तेव्हापासून सुरेंद्रने कूस बदलली आणि खाट करकरली, की इकडे तिचा जीव खालीवर व्हायचा.

सुरेंद्रची स्वतःची काही तक्रार नव्हती.

“काऊन पाह्यजे तुले नवीन मशीन?” तो म्हणायचा. “मले सवय हाय त्या आवाजाची. घरघर आयकू आली का समजते, तू घरीच हायेस. बरं वाटते.”

जयाला ते ऐकून भरून आलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर असं बोलणारा नवरा घुग्घुसमध्ये दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. दिवाळीनंतर तर तो फारच समजूतदार झाला होता. सकाळी यायचा तो खाणीवरच अंघोळ करून, तिला पाणी तापवायला नको म्हणून. डबलला भूक लागते म्हणून दोन डबे न्यायचा, पण दोन्ही स्वच्छ घासून आणायचा. जेवणाचे नखरेही गेले. बेसनाच्या पातोडीच्या रश्शाला नाक मुरडणारा माणूस आता आठवड्यातून दोनदा तोच मागायचा. अशा माणसाला पाच तासांची धड झोप आपण देऊ शकत नाही, याची तिला लाज वाटे.

म्हणून तिने त्याला काही सांगितलं नाही. एकदम दाखवायचं ठरवलं.

गुरुवारी तो कामावरून आला तशी ती चंद्रपूरला निघाली. “काम हाय थोडं, दुपारी येतो,” एवढंच म्हणाली.

“आरामात ये,” सुरेंद्र खाटेवर पडत म्हणाला. “घाई नोको करू. आल्यावर तेवढी डब्यासाठी पातोडी कर, बस.”

अश्वजितने सगळं जुळवून ठेवलं होतं. ती बाराच्या आतच परतली. चपला दाराबाहेर काढल्या, कॅबिनेट लेकरासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि पाय न वाजवता आत आली. जुनं मशीन बाजूला सारलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. स्क्रीन उजळला. तिने कॅबिनेटच्या मागे हात धरला. वारा लागत होता, पण आवाज म्हणून नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता हा माणूस झोपेल, आणि रोज सकाळी धडधाकट घरी येईल. एवढंच तर तिला हवं होतं.

पलीकडे खाट करकरली. मग सुरेंद्रचा आवाज आला. तो फोनवर होता. मशीन चालू असताना पहिल्यांदाच आडभिंतीपलीकडचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. उठला आहे तर आताच दाखवावं, म्हणून ती हसत उभी राहिली.

“बोल ना बिनधास्त,” तो म्हणत होता. “जया नाई घरी. मशीन बंद हाय तिचं.”

जया जागीच थांबली.

“डबल तर दिवाळीतच बंद झाली, पर तिले कुठी माहीत हाय?” तो हसला. “रात्री बाराले सुटलो का येतोच तुयाकडं, रोजच्यासारखा. सकाळी अंघोळीचं पाणी तेवढं तापवून ठेवजो. अन् आज तुया डब्यात पातोडी सांगतली हाय तिले. तुले आवडते ना?”