सपाट रेघ

नव्या मिक्सरची मोटर अशी काही लहरी सोडायची की शेजारच्या घरातल्या रेडिओला खरखर सुटावी. म्हणून मिक्सर दर चाचणीत आपटत होता. "या वेळीही नापास झाला तर दुसरी नोकरी बघ," असा साहेबांनी तो बनवणाऱ्या इंजिनिअरला दम भरल्यावर तिने त्यात लहरी अडवणारा नवा फिल्टर बसवला आणि पुन्हा एकदा चाचणीची खोली गाठली. खोली कसली, लोखंडी पेटीच ती. बाहेरची लहर आत येत नाही, आतली बाहेर जात नाही, फोन तर उंबरठ्यावरच मुका होतो.

ती टेबलामागे वाकून वायर सरळ करत होती. चाचणी घेणाऱ्या ऑपरेटर काकांना वाटलं, बाई चहाला गेल्या. त्यांनी जाडजूड दार ओढलं, बाहेरून खटका लावला आणि तिथूनच मिक्सर सुरू केला.

तिने दार बडवलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. भिंतींवरच्या स्पंजने सगळं गिळून टाकलं. मग तिची नजर समोरच्या अँटेनावर गेली. मिक्सरची खरखर टिपून तारेतून बाहेरच्या स्क्रीनवर रेघेत दाखवणारा तेवढा एकच दुवा. ती मिक्सरचं बटण चालू-बंद करत सुटली. रेघ वरखाली नाचायला लागली की काकांच्या डोक्यात प्रकाश पडेलच.



बाहेर काका स्क्रीनवरच्या सपाट रेघेकडे कौतुकाने बघत होते. "इतका गुणी मिक्सर आजवर पाहिला नाही," असं पुटपुटत, पास झाल्याची बातमी द्यायला ते तिला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले.