मांडीखालचे हात

पट्टी पतंगाच्या कागदाची होती, बोटभर रुंद. गुणमाला ती रंगूच्या ओठांसमोर धरून बसली होती. रंगूनं गाल फुगवून 'फ' काढला, तेव्हा पट्टीचं फक्त खालचं टोक हललं, तेही जेमतेम. पण हललं.

रंगूला आपला आवाज ऐकू येत नव्हता. हललेली पट्टी मात्र दिसली. ती वळून आईकडं बघून खुदकन हसली.

दाराशी सतरंजीवर बसलेल्या मनुबाईनं पदर तोंडाला लावला. पोर सात वर्षांची झाली, पण ठरवून काढलेला तिचा हा पहिलाच आवाज.

"आवं बाई, तुमी विंग्रजी शिकता म्हनं कालिजात," ती म्हणाली. "मग हितं काय शोधताय? हितं मराठीबी कुनाला येत न्हाई."

गुणमालाला हसू आलं. इंग्रजीच्या एम.ए.ला तिनं भाषाविज्ञान घेतलं होतं, आणि पंचाहत्तर साली त्या वर्गाला प्राध्यापकांनी सहा आठवडे प्रत्यक्ष कामाला धाडलं होतं. कुणी साखर कारखान्यातल्या कारकुनांना इंग्रजी बोलायला शिकवत होतं. हिच्या वाट्याला विश्रामबागेतली बहिऱ्या मुलांची शाळा आली.

"तिथंही आम्ही हाच कागद धरतो," ती म्हणाली. "इंग्रजीत 'पेन' म्हणताना किती वारा सुटतो ते बघायला. वारा सगळ्यांचा एकच."

मनुबाई कडेगावहून तिसऱ्यांदा आली होती. दोन्ही खेपांना पोरीचं नाव न घालताच परत गेली होती. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस. वसतिगृहात ठेवायची म्हणजे थेट दिवाळीला भेट. आणि इथं खुणा करायला बंदी होती. मुलं वर्गात हात मांडीखाली घेऊनच बसत.

मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"काय ठरलं, मनुबाई? गेल्या खेपेसारखं एसटी चुकेल म्हणून पळायचं नाही हं."

तेवढ्यात रंगूनं आईकडं बघत तळव्यावर तळवा थापला. मोठ्या बाईंनी पुढं होऊन तिचे हात अलगद धरले आणि तिच्या मांडीखाली सरकवले.

"हात सुटले की जीभ झोपते," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मनुबाई त्या हातांकडं बघत राहिली. "भूक लागलीया तिला. आता कुनाला सांगंल ती? 'फ' करून भाकरी मिळंल व्हय?"

ती खूण गुणमालाला सांगावी लागली नव्हती. कवठे महांकाळला तिच्या घरी एक आत्या होती, जन्माची मुकी. तीही अशीच हवेत भाकरी थापायची. गुणमालाचे कान लहानपणी फार मोठे दिसत, म्हणून तिला हाक मारायची तर आत्या स्वतःच्या कानाची पाळी ओढायची. खळ्याच्या त्या टोकाला, ज्वारीच्या राशीपाशी उभं राहून तिनं कान ओढला, की ही हातातलं टाकून धावत सुटायची. आत्या गेली, आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

इथं आल्यापासून गुणमालानंही रोज मुलांचे हात खाली केले होते.

तिनं पट्टी बाजूला ठेवली आणि उठून दार लोटलं.

"मनुबाई, मला शिकवा."

"काय वं?"

"तुमच्या घरच्या खुणा. सगळ्या. मी आहे तोवर मी बघेन. जाताना सुलाबाईंना शिकवून जाईन. मुलांना जेवायला त्याच वाढतात."

"आन् मोठ्या बाई?"

"त्यांचा नियम वर्गातला. हात मांडीखाली घालून कुणाला जेवता येतं?"

मनुबाईला हसू फुटलं. मग ती सरसावून बसली. तहान: अंगठा ओठाला. म्हैस: डोक्यापासून मागं वळवलेली शिंगं. बाप: कडक सलाम, कारण तो पलटणीत होता. भीती: पदराचं टोक मुठीत गच्च. ती खूण करायची, गुणमाला तशीच करून दाखवायची. म्हशीचा बैल झाला तेव्हा रंगू लोळून हसली आणि पुढं येऊन तिनं गुणमालाची बोटं नीट वळवली. तिचे हात मांडीखालून कधी सुटले ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कडेगावचं घर, गोठा, उसाचं पाणी, शेजारणीचं भांडण, सगळं हळूहळू त्या सतरंजीवर गोळा झालं.

"झालं," मनुबाई म्हणाली. "एवढंच."

"आणि तुम्ही? 'आई' कसं म्हणते ती?"

ही एकच खूण मनुबाईला कधी करावी लागली नव्हती. ती नेहमी तिच्याकडं बघून केली जायची. तिनं आपल्या हनुवटीवरच्या गोंदणाच्या हिरव्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

गुणमालानं रंगूकडं बघत आपल्या कोऱ्या हनुवटीवर बोट ठेवलं.

रंगूनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग मागं वळून आईकडं हात केला: ती काय, तिथं.

मनुबाईनं डोळे पुसले नाहीत. शेजारचं रंगूच्या कपड्यांचं गाठोडं उचलून तिनं पोरीच्या मांडीवर ठेवलं.

"जावा बाई, मोठ्या बाईस्नी सांगा," ती म्हणाली. "पोर ऱ्हातीया हितं."