बारा ते एकची वाफ

सादेक गावातल्या तांदळाच्या शेवयांच्या कारखान्यात दुपारी बारा ते एक सगळे झोपत. बॉयलरवाले तामकाका वाफेचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करत आणि मगच आपला डबा उघडत. तरी पाइपावर नवीन बसवलेलं मीटर नेमकं त्याच तासात वाफ वाहताना दाखवायचं.

"काका, आम्ही झोपलो की घरच्यांसाठी बाओचे पाव वाफवून घेता वाटतं," मॅनेजर क्वानसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. तीस वर्षांत काकांना असं कुणी बोललं नव्हतं.

मीटर बसवणाऱ्या थुईला त्यांनी गाठलं. "पोरी, हे मोजतं तरी कसं?"

"आत एक दांडी आहे, काका. वाफ तिच्यावर आपटली की भोवरे सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. त्यांचे हादरे मोजतं."

"आणि हादरा दुसऱ्याच कशाचा असला तर?"

"त्या बिचाऱ्याला काय कळणार? तोही मोजतं."

दुसऱ्या दिवशी क्वानसाहेब झोप सोडून मीटरसमोर पहाऱ्याला बसले. अर्धा तास झाला तरी आकडा शून्यावरून हलला नाही.

"बघा, मी जागा असलो की चोरी बंद," म्हणत ते जांभई देत उठले आणि आपल्या रोजच्या झोळीत जाऊन पडले. झोळीचं एक टोक खांबाला बांधलेलं होतं, दुसरं वाफेच्या पाइपाला.

 

तामकाका मीटरपाशी जाऊन उभे राहिले. "साहेब, झोका जरा बेतानं घ्या. वाफ फार जातेय."