पाटलाला हाक

"इथूनच मारू का हाक?" जयवंतांनी विचारलं.

धम्मदीनाने नुसती मान हलवली. लेकीचे गमबूट आणि लेकीचंच जाकीट घालून म्हातारा कमरेएवढ्या गवतात उभा होता, हातात सफरचंद. मागे झुडपांत वाटाड्या हेमी आणि टेक्ससहून आलेले एक पाहुणे पालथे पडून होते. पाहुण्यांजवळ बंदूक होती. ते जयवंतांना ठाऊक नव्हतं. "बाबा, लांबून आलेत ते, पाटलाला बघायचंय त्यांना," एवढंच तिने सांगितलं होतं. आणि लेकीच्या बोलण्याची उलटतपासणी करायची सवय त्यांना कधीच नव्हती.

पाटील म्हणजे तांबड्या हरणाचा नर, सोळा फाट्यांच्या शिंगांचा. चार महिने तो घरामागच्या कुंपणात होता. नाव जयवंतांनीच ठेवलं. "चाल बघ त्याची! आमच्या गावच्या पाटलाने जन्मात माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. हा बघ, सफरचंद खातो." शिंगांवरची मखमलीसारखी कातडी सोलून रक्ताळली, तेव्हा ती दरवर्षी तशीच गळते हे कुणी सांगायच्या आत ते तेलात हळद कालवून कुंपणाशी गेले होते. पाटील वाटी हुंगून शिंकला. लेक जिथे नोकरीला होती ती सगळी इस्टेट आठवडाभर हसत होती. पंधरा दिवसांपूर्वी त्याला डोंगरावर सोडलं, त्या दिवशी जयवंतांनी खीर केली. सुटला बिचारा, म्हणून.

सुटला नव्हता. डोंगरालाही कुंपण होतं, पार पलीकडच्या उतारावर. पाहुण्यांनी शिंगांचा फोटो बघून शिकारीसाठी त्यालाच निवडलं होतं. दोन दिवस शोधूनही तो दिसला नाही आणि उद्या पाहुण्यांचं विमान होतं. मग काल मॅनेजर धम्मदीनाकडे आला. "युअर डॅड बोलावतो तेव्हा येतो ना तो?"

नाही म्हणता आलं असतं. तिच्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. पण खाली नदीवर फिओ होते, ती निळी बदकं, जी या देशाबाहेर जगात कुठेच नाहीत. त्यांना सांभाळणं हेच धम्मदीनाचं काम. ती आली तेव्हा चार जोड्या होत्या, आता एकोणीस. मुंगसासारखे दिसणारे स्टोट त्यांची अंडी खातात, आणि स्टोटसाठी नदीकाठी लावलेले सापळे अशा पाहुण्यांच्या शिकारीच्या पैशांवरच चालतात. पाहुणे रिकाम्या हाताने गेले की सापळे बंद. एकीकडे एक हरीण, दुसरीकडे एकोणीस जोड्या. चौथीतल्या पोरालाही उत्तर आलं असतं. तिलाही आलं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

"पाटील! ओ पाटील! या, जेवायला या!"

उतारावर काहीच हललं नाही. येऊ नकोस, धम्मदीना मनात म्हणाली. इतक्या कळवळून तिने उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं.

"अहो पाटील, रागावलात का?"

तो आला. लपतछपत नाही, सरळ वाटेने, मान उडवत, स्वतःच्याच अंगणात आल्यासारखा. पन्नासेक पावलांवर आडवा थांबला आणि त्याने जयवंतांकडे पाहिलं.

"वाळला गं किती," जयवंत म्हणाले. ते पुढे पाऊल टाकणार तोच धम्मदीनाने त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. त्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. तेवढ्यात गोळी सुटली.

पाहुणे वाईट नव्हते. त्यांनी टोपी काढली, शिकाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे शेवटचा घास म्हणून गवताची एक काडी हरणाच्या तोंडात ठेवली आणि खाली मान घालून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. हेमी जयवंतांच्या नजरेला नजर देईना. "सॉरी, मातुआ," एवढंच म्हणाला. वडीलधाऱ्यांना तो असंच म्हणायचा. पाहुणे धम्मदीनाला म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, नदीवरची बदकं यानेच वाचवली."

तिने सांगितलं. मराठीत सांगताना ते फारच लहान वाक्य झालं.

जयवंत हरणाशेजारी गुडघ्यांवर बसले. मानेवर हात ठेवला. मान अजून गरम होती. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"वाचू देत," ते म्हणाले. "बदकांचा काय दोष?"

मग ते उठले आणि गाडीकडे चालू लागले. धम्मदीना मागोमाग निघाली. साठ वर्षं या माणसाने रोज सकाळी पंचशील म्हटलं होतं, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"बाबा, तुमचं शील मोडलं नाही. मारायचं मनात असेल तरच ते मोडतं, तुम्हीच शिकवलंत मला. तुम्हाला कुठं माहीत होतं?"

जयवंत थांबले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते लहानपणी तिला ताप चढला की पाहायचे तसं.

"नव्हतं माहीत," ते म्हणाले. "मलाही नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं."