शहाणं मरण

यकृताच्या आजारात पेशी दोन तऱ्हांनी मरतात. काही फुटून मरतात आणि जाताना आसपास आग लावून जातात. काही मात्र शहाण्यासारख्या मरतात. आधी शेजारणींचा हात सोडतात, मग आक्रसतात आणि स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधतात. शेजारणी त्या पुड्या गिळतात, जरा सरकून बसतात, आणि मागमूसही उरत नाही. या दुसऱ्या मरणाच्या अभ्यासात मी उभी हयात घालवली.

सोमवारी प्रयोगशाळेत आले, तर खिडकीजवळचं टेबल नव्हतं. तिथे मोकळी जागाही नव्हती. बाकीची टेबलं सरकली होती.

"आजोबा कुठे गेले?" मी विचारलं. आमच्या सगळ्यात जुन्या संशोधकाला आम्ही सगळे आजोबाच म्हणायचो.

"कोण आजोबा?" शेजारच्या टेबलावरची म्हणाली. तिच्या हातात त्यांचाच कान तुटलेला कप होता. पलीकडच्याने त्यांचा चष्मा लावला होता, आणि त्याला त्यातून छान दिसत होतं.

"पुरे झाली थट्टा!"

"ताई, बरं नाही का तुम्हाला?" तिने इतक्या मायेने विचारलं, की मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

तेव्हापासून मी लेकीचा फोन उचललेला नाही. का, ते सांगता येत नाही.

आज सकाळी माझ्या टेबलाचा खण आवरायला घेतला. पेनं, चाव्या, लेकीचा फोटो, सगळ्याच्या कागदात नीट पुड्या बांधल्या. शेवटच्या पुडीला दोरा गुंडाळून मान वर केली, तर दोन्ही बाजूंची टेबलं माझ्या कोपरांना टेकली होती.

"झालं का, ताई?" शेजारणीने हळूच विचारलं, आणि ओंजळ पुढे केली.