हातांनी सांगितलेली मालिका

मालिकेच्या जाहिरातीत सावनीच्या फोटोला हार घातलेला दिसला आणि पूर्णिमाच्या हातातली वाटी खणकन फरशीवर पडली. शेजारी बसलेल्या श्रद्धाला ते कळलं नाही. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. नशिबानं ती तेव्हा मान खाली घालून मटार सोलत होती, त्यामुळे हारही तिला दिसला नाही.

‘वर्ग आठवी ब’ ही मालिका त्यांच्याकडे रोज सातला लागायची. शाळेतल्या मुलांची गोष्ट होती, आणि त्यात सावनी नावाची, ऐकू न येणारी मुलगी होती. सोळा वर्षांच्या श्रद्धानं आपल्यासारखं कुणी टीव्हीवर तोवर पाहिलंच नव्हतं. सावनीचं काम करणाऱ्या नटीला मात्र उत्तम ऐकू यायचं. ती हातवारे करायची ते माश्या हाकलल्यासारखे. त्यांचा अर्थ श्रद्धालाच काय, कुणालाच लागला नसता. म्हणून पूर्णिमा संवाद ऐकायची आणि लेकीला खुणांनी सांगायची.

आणि सांगताना बेधडक खोटं सांगायची. मालिकेतली मुलं सावनीला ‘ए बहिरे’ म्हणत. पूर्णिमाच्या हातांत ती तिला खेळायला बोलावत. मास्तर म्हणत, हिला घरीच ठेवा. पूर्णिमा सांगे, मास्तर हिच्या गणिताचं कौतुक करतायत. सावनी रडली की ते आनंदाचं रडणं असे.

कारण एकच होतं. दहावीनंतर कर्णबधिरांची शाळा सोडून ऐकणाऱ्या मुलांच्या कॉलेजात जायला श्रद्धा तयार झाली, ती या सावनीकडे बघून. नवरा आनंद हिंजवडीला कंपनीत होता. तो म्हणायचा, "कॉम्प्युटरवर बसायला कान लागत नाहीत. डिग्री लागते." पण टीव्हीतली सावनी हरली, तर घरातली ही पोर दुसऱ्या दिवशी सॅक उचलायची नाही, हे पूर्णिमाला पक्कं ठाऊक होतं.

शिवाय पोरगी खुलली होती. पहिले काही महिने ती कॉलेजातून तोंड पाडून यायची आणि भिंतीकडे वळून पडून राहायची. दिवाळीनंतर मात्र चहा घेताना तिचे हात थांबेनात. मृण्मयी नावाची मैत्रीण तिला वही देते. सर आता फळ्याकडे तोंड करून शिकवत नाहीत. कँटीनमध्ये मुली तिची जागा धरून ठेवतात. हे बघताना पूर्णिमाला भरून यायचं. आपल्या खोटेपणाचं इतकं सोनं होईल असं तिला वाटलं नव्हतं.

आणि आता हा हार. पेपरात दिग्दर्शकाची मुलाखत आली होती. गुरुवारच्या भागात सावनी नदीत उडी घेणार आणि समाजाचे डोळे उघडणार, असं ते सांगत होते. समाजाचे डोळे उघडायला दर वेळी आमच्याच पोरी कशाला लागतात, असं म्हणत पूर्णिमानं तो पेपर रद्दीच्या तळाशी घातला. रडण्याचा आनंद करता येतो. हार घातलेल्या फोटोचं काय करणार?

तिनं केबलवाल्या दिगंबरला फोन केला आणि गुरुवारी सातला आमची लाइन बंद ठेवा म्हणून सांगितलं.

"वहिनी, लाइन गेली म्हणून भांडणारे रोज भेटतात," तो म्हणाला. "घालवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पण कबूल झाला.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. श्रद्धा शेजारी जाऊन बघेल, याची धास्ती होतीच. मग पूर्णिमाला सुचलं की त्या संध्याकाळी मृण्मयीलाच जेवायला बोलवावं. मैत्रीण पहिल्यांदा घरी आल्यावर मालिका कुणाला आठवतेय? श्रद्धाला आधी काही सांगायचं नाही, असंही तिनं ठरवलं.

गुरुवारी श्रद्धा घरातून गेल्यावर तासाभरानं पूर्णिमा सदाशिव पेठेतून चालत कॉलेजवर गेली. लेकीला दिसू नये म्हणून वर्गाकडे न जाता ती थेट शिक्षकांच्या खोलीत शिरली. किती दिवसांनी तिला असं हलकं वाटत होतं. अकरावीच्या वर्गशिक्षिका तपासायचे पेपर घेऊन बसल्या होत्या. मृण्मयीला दोन मिनिटं बाहेर बोलवाल का, असं तिनं विचारलं.

"मृण्मयी कुणी नाही माझ्या वर्गात."

पूर्णिमा हसली. बाईंना एवढ्या मुलांची नावं कुठून लक्षात राहणार? "श्रद्धाची मैत्रीण हो. तिच्या शेजारी बसते ती."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"श्रद्धा म्हणजे ती ऐकू न येणारी? आपण तिच्या आई का? अहो, दिवाळीच्या सुट्टीनंतर ती इकडे फिरकलेलीच नाही. आम्हाला वाटलं, आपणच तिला काढून घेतलंत. आम्ही म्हणालोसुद्धा, आईनं शहाणपणा केला."